बेवारस पत्रांना धनी मिळवून देणारा इतिहासाचार्य

वर्षअखेरीस पेणहून अलिबाग, रेवदंडा, मुरूडकडे निघालेल्या पर्यटकांच्या गाड्यांची वडखळ नाक्यावर रांग लागते. ३१ डिसेंबरच्या त्या गर्दीत बसलेल्या फार थोड्यांना ठाऊक असते, की हा दिवस याच पेण तालुक्यात जन्मलेल्या एका विलक्षण माणसाचा स्मृतिदिन आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे त्यांचे नाव. जन्म १८६३ मधला, पेणच्या वरसई गावचा. मृत्यू ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात झाला. या दोन टोकांमधली जवळपास तीस वर्षे त्यांनी एकाच कामात घालविली. ज्यांचा लिहिणारा माहीत नाही, काळ माहीत नाही आणि ज्यांची कुणाला पर्वाही उरलेली नाही, अशी जुनी पत्रे शोधायची आणि ती कुणी, कुणाला, केव्हा व का लिहिली याचा छडा लावायचा, हे ते काम होते.

समुद्रात बाटलीतून सोडलेल्या चिठ्ठ्यांच्या कथा जगभर आवडीने वाचल्या जातात. २०१८ साली पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर अशी एक बाटली सापडली. ती १८८६ च्या जून महिन्यात 'पाउला' नावाच्या जर्मन जहाजावरून हिंदी महासागरात टाकलेली होती. सागरी प्रवाहांचा अभ्यास करण्यासाठी त्या काळी जर्मन जहाजे अशा बाटल्या सोडीत असत. संशोधकांनी जर्मनीतील अभिलेखागारात त्या जहाजाच्या कप्तानाची हवामानविषयक रोजनिशी शोधून काढली, चिठ्ठीवरील आणि रोजनिशीतील हस्ताक्षर ताडून पाहिले, तारीख जुळविली आणि १३२ वर्षांनी त्या चिठ्ठीचा माग पूर्ण झाला. राजवाड्यांनी हेच काम एका चिठ्ठीसाठी नव्हे, तर हजारो पत्रांसाठी केले. त्यांच्या हाती कोणतेही अभिलेखागार नव्हते. त्यांचा समुद्र म्हणजे महाराष्ट्रातील वाड्यांचे माळे, देवघरांचे कोनाडे आणि अंधाऱ्या तळघरांतील वाळवी लागलेल्या पेट्या.

वरसईचे दोन सुपुत्र

वरसई हे बाळगंगेच्या खोऱ्यातले गाव. मराठी वाचकाला ते आणखी एका नावामुळे परिचित असते. 'माझा प्रवास' लिहिणारे विष्णुभट गोडसे हे याच गावचे. घरच्या कर्जातून सुटका व्हावी म्हणून दक्षिणेच्या आशेने ते १८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थानात गेले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा पाडाव त्यांनी प्रत्यक्ष पाहिला. परत आल्यावर बऱ्याच वर्षांनी, १८८३ मध्ये, त्यांनी ती हकिकत लिहून काढली. पण सरकारची धास्ती इतकी, की आपल्या हयातीत ती छापली जाऊ नये अशीच त्यांची इच्छा होती. चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये ती फेरफार करून प्रसिद्ध केली. मूळ हस्तलिखित पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आले आणि दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली मूळ स्वरूपातील आवृत्ती वाचकांपुढे ठेवली. म्हणजे वरसईच्या एका भटजीने लिहून ठेवलेला निरोप अस्सल रूपात वाचकांपर्यंत पोहोचायला त्र्याऐंशी वर्षे लागली. तो ज्या संस्थेने जपला, ती वरसईच्याच दुसऱ्या सुपुत्राने उभारलेली होती.

राजवाड्यांचे पितृछत्र बालपणीच हरपले. पुढील शिक्षणासाठी ते पुण्यास आले. थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ राजवाडे हे पुढे वैदिक वाङ्मयाचे व्यासंगी प्राध्यापक म्हणून नावारूपाला आले. धाकट्या विश्वनाथाचा ओढा मात्र ठरीव अभ्यासक्रमाकडे कधीच नव्हता. डेक्कन कॉलेजात असताना वर्गापेक्षा ग्रंथालयात त्यांचा वेळ अधिक जाई. १८९० च्या सुमारास ते पदवीधर झाले. काही काळ शिक्षकाची नोकरी केली. तरुण वयातच पत्नीचे निधन झाले आणि त्यानंतर त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. १८९५ मध्ये 'भाषांतर' नावाचे मासिक काढून जगातील श्रेष्ठ ग्रंथ मराठीत आणण्याचा उद्योग त्यांनी आरंभिला. प्लेटोच्या 'रिपब्लिक'चा अनुवाद त्यांनी स्वतः केला. मासिक फार वर्षे चालले नाही. पण याच सुमारास वाईत त्यांच्यापुढे जे कागद आले, त्यांनी त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

वाईचे दप्तर

वाईतील एरंडे यांच्या घरी जुन्या पत्रांचा एक साठा होता. राजवाड्यांनी ती मोडी पत्रे वाचण्यास सुरुवात केली आणि पानिपतच्या मोहिमेचा काळ त्यांच्यासमोर दिवसागणिक उलगडत गेला. उत्तरेत कोणती फौज कुठे आहे, पैसा का पोहोचत नाही, धान्याची रसद कुठे अडली, कोण कुणावर रुष्ट आहे, हे सारे त्यात प्रत्यक्ष घडत असताना लिहिलेले होते. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१ या दिवशी काय झाले हे प्रत्येक मराठी माणसाला माहीत होते. ते कशामुळे झाले याविषयी मात्र बखरी, पोवाडे आणि इंग्रज अधिकारी ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेला इतिहास यांवरच विसंबावे लागे. आता त्या माणसांचे स्वतःचे कागद समोर होते.

१८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. १७५० ते १७६१ या काळातील पत्रव्यवहार आणि त्याला जोडलेली प्रदीर्घ प्रस्तावना हे त्याचे स्वरूप होते. पुढे दोन दशकांत या मालेचे एकंदर २२ खंड निघाले. त्यामागे ना सरकारी अनुदान होते, ना विद्यापीठाचा आश्रय. खंड कधी या गावात छापला जाई, कधी त्या गावात, आणि पैशाची विवंचना तर कायमचीच असे.

जुने कागद छापणारे ते पहिले नव्हते. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६० च्या दशकातच ग्रँट डफच्या इतिहासावर टीका केली होती. काशिनाथ नारायण साने यांचा 'काव्येतिहाससंग्रह' १८७८ पासून बखरी व पत्रे प्रसिद्ध करीत होता. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरावर खपत होते. साताऱ्यास पारसनीस होते. राजवाड्यांचे वेगळेपण असे, की त्यांनी एका दप्तरावर किंवा एका संस्थानावर समाधान मानले नाही. सारा महाराष्ट्रच त्यांनी दप्तरखाना मानला आणि तो पायाखाली घातला.

दाराशी आलेला संशयित

हे काम का तातडीचे होते, हे समजण्यासाठी त्या कागदांची तेव्हाची स्थिती ध्यानात घ्यावी लागते. पेशव्यांचे दप्तर पुण्यात इंग्रज सरकारच्या ताब्यात होते आणि देशी अभ्यासकांना त्याची दारे जवळजवळ बंद होती. त्यातील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली ४५ खंडांत प्रसिद्ध झाले ते १९३० नंतर. तोवर राजवाडे हयात नव्हते. त्यामुळे उरला तो खासगी घराण्यांचा आसरा. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, सरदार, सावकार, पुराणिक यांच्या घरी कापडी रुमालांत बांधलेले कागदांचे गठ्ठे पिढ्यान्‌पिढ्या पडून होते. मोडी वाचणारी पिढी संपत चालली होती. कुठे वाळवीने, कुठे कोकणातल्या दमट हवेने ते खाल्ले होते. कुठे ते वाण्याच्या दुकानात पुड्या बांधण्यासाठी जात होते, तर कुठे बंबात.

शिवाय मालक ते दाखवायला राजी नसत. १८५२ नंतर इनाम कमिशनने सनदा तपासून अनेकांची इनामे खालसा केली होती. त्याची दहशत घराघरांत मुरलेली होती. जुना कागद मागायला आलेला माणूस म्हणजे सरकारचा हस्तक, किंवा भाऊबंदकीच्या दाव्यात प्रतिपक्षाने धाडलेला हेर, असा समज होणे स्वाभाविक होते. राजवाडे अशा घरी अंथरूण-पांघरूण आणि एखादे भांडे घेऊन पायी येत. वेश साधा, खाणे बेताचे, बहुधा हाताने रांधलेले. काही घरांत त्यांना दाराबाहेरूनच निरोप मिळे. काही ठिकाणी पुनःपुन्हा खेपा घातल्यावर एखादा रुमाल सोडून दाखविला जाई. स्वभाव तापट, बोलणे तिखट, पण कागद मिळेपर्यंतची त्यांची चिकाटी मात्र अफाट होती.

पत्राचा धनी कसा शोधायचा

कागद मिळाला म्हणजे काम संपले असे नव्हे, तिथून ते सुरू होत असे. आजच्या वाचकाला वाटेल, की पत्रावर नाव आणि तारीख असणारच. जुन्या मराठी पत्रांवर पुष्कळदा दोन्ही नसत, किंवा अर्धवट असत. तिथी असे, पण शक नसे. मुसलमानी महिन्याचा चंद्र आणि त्यापुढे आकडा असे, पण वर्ष नसे. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते वर्ष माहीत होते, मग लिहायचे कशासाठी?

वर्ष दिलेच, तर ते सुहूर सनाचे आणि अरबी संख्यावाचक शब्दांत असे. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. यांची बेरीज ११६१. हा सन मृग नक्षत्राबरोबर, म्हणजे पावसाच्या तोंडावर बदले. त्यात ५९९ किंवा ६०० मिळविले की इसवी सन येतो. म्हणून ११६१ हे १७६०-६१, पानिपताचेच वर्ष. पण लेखकाने घाईत नुसते इहिदे लिहून सोडून दिले असेल, तर हे कोणत्या दशकातले एक, हा प्रश्न उरतोच. अशा वेळी तिथीबरोबर वार दिलेला असल्यास उपयोग होई. ती तिथी त्या वारी कोणकोणत्या वर्षी आली, हे पंचांगाचे गणित करून काढता येते. उरलेल्या दोन-तीन वर्षांतून मग मजकुरातील लढाई, लग्न, मृत्यू किंवा मुक्काम पाहून नेमके वर्ष ठरविता येते.

नावाचेही तसेच. मायन्यात चिरंजीव आहे की तीर्थरूप, राजश्री आहे की स्वामींच्या सेवेशी, यावरून लिहिणाऱ्याचे आणि वाचणाऱ्याचे नाते कळते. मजकूर बहुधा कारकुनाच्या हातचा असतो. शेवटच्या एक-दोन ओळी धन्याच्या स्वतःच्या अक्षरात असल्या, तर ते अक्षर ओळखीच्या दुसऱ्या पत्राशी ताडता येते. माथ्यावरचा शिक्का आणि अखेरची मर्यादा मुद्रा हा आणखी एक पुरावा. पत्र पोहोचल्यावर घेणाऱ्याने कोपऱ्यात पोहोचल्याची तारीख टिपलेली असली, तर पत्राने किती दिवस प्रवास केला हेही कळते. या साऱ्या खुणा एकत्र आणून एकेका बेवारस कागदाला त्याचा धनी, त्याचे गाव आणि त्याचा दिवस मिळवून देणे ही राजवाड्यांची किमया. त्यांनी लावलेल्या काही तारखा पुढील अभ्यासकांनी दुरुस्त केल्या. पण त्या दुरुस्त करण्यासाठी मूळ कागद छापील स्वरूपात उपलब्ध होते, तेच राजवाड्यांमुळे.

या खंडांतील एका पत्राची कथा बोलकी आहे. पंधराव्या खंडात त्यांनी शिवकालीन घराण्यांचे कागद छापले. त्यात १६४५ सालचे, रोहिडखोऱ्याचे दादाजी नरस प्रभू यांना शिवाजीराजांनी लिहिलेले म्हणून एक पत्र आहे. हिंदवी स्वराज्य हे शब्द महाराष्ट्राच्या ओठी रुळले, त्यात या पत्राचा वाटा मोठा. मात्र पुढे अनेक इतिहासकारांनी त्याच्या अस्सलपणाविषयी शंका घेतली. पत्र सापडणे आणि त्याचा लेखक निर्विवादपणे सिद्ध होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मंडळ आणि मतभेद

एकट्या माणसाच्या पायपिटीने हे काम पुरे होणार नाही, हे राजवाडे जाणून होते. ७ जुलै १९१० रोजी सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्याने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. सापडलेला कागद एका व्यक्तीच्या पेटीत न राहता संस्थेच्या कपाटात राहावा, तो वाचून सभेत त्याची चर्चा व्हावी, ही पद्धत मराठी इतिहासाभ्यासाला या मंडळाने लावली. राजवाड्यांचे मात्र कुठल्याही संस्थेशी फार काळ पटणे अवघड होते. मतभेद विकोपाला गेले आणि ते मंडळापासून दूर झाले.

त्यांच्या स्वभावाची किंमत इतिहासालाही मोजावी लागली. बीडजवळच्या पाटांगण येथे मिळालेल्या पोथीवरून त्यांनी १९०९ मध्ये 'ज्ञानेश्वरी' छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही सिद्ध केले. ही एकनाथपूर्व काळची प्रत आहे असा त्यांचा दावा होता. पण मूळ पोथी पुढील अभ्यासकांना तपासायला मिळाली नाही, आणि त्या दाव्याभोवतीचा वाद मिटू शकला नाही. दुसऱ्यांच्या माळ्यावरचे कागद जगापुढे यावेत म्हणून आयुष्य वेचणाऱ्या माणसाच्या हातून असे घडावे, हे अभ्यासकांना आजही खटकते.

रोह्याला लागलेला बाण

त्याहून गंभीर उणीव त्यांच्या निष्कर्षांत होती. कागद वाचताना दाखविलेली काटेकोर दृष्टी ते जातींविषयी लिहिताना सोडून देत. विशिष्ट जातीच्या श्रेष्ठत्वाचा अभिमान त्यांच्या लेखनात उघड दिसतो. मंडळाच्या प्रकाशनातून त्यांनी चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाविषयी अनुदार मजकूर प्रसिद्ध केला, तेव्हा मोठे वादळ उठले. पनवेलमध्ये जन्मलेल्या प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ साली 'कोदंडाचा टणत्कार' लिहून त्याचा खरपूस समाचार घेतला. केशव त्रिंबक गुप्ते यांनी 'राजवाड्यांची गागाभट्टी' हा ग्रंथ लिहून कागदोपत्री प्रतिवाद केला.

कुलाबा जिल्ह्यात हा वाद केवळ विद्वानांचा नव्हता. कुंडलिकेच्या काठचे रोहे हे कायस्थ प्रभूंच्या जुन्या वस्तीचे गाव. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे घराणे रोह्याचेच. पेण आणि रोहे यांच्यात अंतर ते किती! शेजारच्या तालुक्यात जन्मलेल्या इतिहासकाराने आपल्या पूर्वजांना हिणवावे, याची वेदना तिथे तीव्र असणे साहजिक होते. त्यात एक विसंगतीही होती. शिवाजीराजांचे चिटणीस बाळाजी आवजी हे याच समाजातले. ज्या पत्रांसाठी राजवाड्यांनी पायांची पर्वा केली नाही, त्यांतली कितीतरी प्रभू लेखकांच्या बोरूतून उतरलेली होती. पत्राचा धनी शोधणाऱ्याने ते लिहिणाऱ्या हाताला न्याय दिला नाही, ही नोंद त्यांच्या चरित्रात करावीच लागते. पानिपतच्या अपयशाचा दोष मल्हारराव होळकर आणि गोविंदपंत बुंदेले यांच्या माथी मारण्याचा त्यांचा निर्णयही त्र्यंबक शंकर शेजवलकरांसारख्या पुढच्या अभ्यासकांनी जसाच्या तसा स्वीकारला नाही.

परंतु इथेच त्यांच्या कामाचे खरे मोल दिसते. त्यांच्या निष्कर्षांना विरोध करणाऱ्यांनाही पुरावा म्हणून त्यांच्याच खंडांकडे वळावे लागले. प्रस्तावनेशी भांडता येईल, पण तिच्यामागची पत्रे नाकारता येणार नाहीत, अशी ती स्थिती होती.

धुळ्याचा अखेरचा मुक्काम

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांचा व्यासंग पत्रांपुरता उरला नाही. शहाजीराजांच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये याचे 'राधामाधवविलासचंपू' हे काव्य त्यांनी १९२२ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले. उत्तर कोकणच्या इतिहासाचे साधन असलेली 'महिकावतीची बखर' १९२४ मध्ये आली. शब्दांची व्युत्पत्ती, धातूंचा कोश, गावांची नावे, विवाहसंस्थेचा इतिहास असे विषय त्यांनी हाताळले. शब्दाचाही ते पत्रासारखाच माग काढीत. हा शब्द कुठून निघाला, वाटेत कुणाच्या तोंडी राहिला आणि आपल्यापर्यंत कोणत्या रूपात आला, हा त्यांचा शोध असे. हे सर्व लेखन त्यांनी निष्ठेने मराठीत केले. इंग्रजीत लिहिले असते तर कीर्ती देशाबाहेर गेली असती, पण तो मोह त्यांनी कधी धरला नाही.

१९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यात त्यांचे निधन झाले तेव्हा मागे संपत्ती नव्हती. होते ते टिपणे, नकला आणि अपुऱ्या ग्रंथांचे कागद. ज्याने इतरांचे कागद वाचविले, त्याचेच कागद आता कुणीतरी वाचवायला हवे होते. धुळेकरांनी ते केले. १९२७ मध्ये तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. भास्कर वामन भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते कागद सांभाळले. धातुकोश आणि व्युत्पत्तिकोश राजवाड्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशात आले, आणि १९९० च्या दशकात त्यांचे समग्र साहित्य तेरा खंडांत नव्याने वाचकांच्या हाती आले.

वरसईच्या वाट्याला मात्र वेगळी चिंता आली. बाळगंगा नदीवरील धरण प्रकल्पामुळे एकविसाव्या शतकात या परिसरातील गावांच्या विस्थापनाचा आणि पुनर्वसनाचा प्रश्न उभा राहिला. गोडसे भटजी जिथे गंगेची कावड घेऊन परतले आणि राजवाडे जिथे जन्मले, त्या भूमीचे भवितव्य असे पाण्याशी जोडले गेले.

पेण, रोहे, महाड, अलिबागच्या जुन्या घरांच्या जागी आता इमारती उभ्या राहत आहेत. घर पाडण्यापूर्वी माळा रिकामा केला जातो. तांब्या-पितळेची भांडी मोडीत जातात, लाकूड विकले जाते, आणि तळाशी असलेला रुमालात बांधलेला कागदांचा गठ्ठा कुणालाच वाचता येत नाही म्हणून रद्दीवाल्याच्या तराजूत पडतो. पुण्याचे आणि धुळ्याचे मंडळ आजही असे कागद सांभाळण्यासाठीच आहे. गठ्ठ्याची गाठ न सोडता तो तिथवर पोहोचविला, तरी शे-दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी कुणाला तरी धाडलेला निरोप वाचला जाण्याची शक्यता उरते.